गारगोटीतला प्रकाश : प्येअर क्यूरी यांचे जीवन

नदीपात्रातल्या दोन पांढऱ्या गारगोट्या काळोखात एकमेकींवर घासल्या, की त्यांच्या पोटात क्षणभर पिवळसर उजेड उमटतो. हा खेळ आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी पांघरुणाखाली खेळला असेल. दगडाला दाबले, घासले तर त्याने वीज किंवा उजेड का द्यावा, हा प्रश्न मात्र आपण खेळ संपताच गारगोट्यांबरोबर खिडकीत ठेवून दिला. त्यातल्या विजेच्या भागाचे उत्तर १८८० साली पॅरिसमधील दोन भावांना सापडले. त्यांतील धाकटा म्हणजे प्येअर क्यूरी. आपल्याकडे त्यांचे नाव बहुधा मादाम क्यूरींचे यजमान म्हणूनच घेतले जाते. पण त्यांचा स्वतःचा पहिला शोध रेडियमच्या अठरा वर्षे आधीचा आहे, आणि त्या शोधावाचून रेडियम सापडणे फार कठीण झाले असते. शाळेच्या हीरक महोत्सवी स्मरणिकेसाठी मी या गृहस्थांची निवड केली खरी. पण त्यांनी शाळेचे तोंड कधीच पाहिले नव्हते, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे.

प्येअर यांचा जन्म १५ मे १८५९ रोजी पॅरिस येथे झाला. वडील युजेन क्यूरी हे डॉक्टर. मनाने संशोधक, मतांनी कट्टर प्रजासत्ताकवादी. १८७१ साली पॅरिस कम्यूनच्या उठावात रस्त्यारस्त्यांवर अडसर उभे राहिले, तेव्हा त्यांनी आपल्या घराचेच उपचारकेंद्र केले आणि आपल्या दोन्ही मुलांना जखमींच्या मदतीला लावले. प्येअर तेव्हा बारा वर्षांचा होता.

हा मुलगा विचाराने संथ होता. एखादा विषय हाती घेतला, की त्याला दुसरे काही दिसत नसे. आणि तो विषय मध्येच सोडून तासाच्या घंटेबरोबर दुसरा धरणे त्याच्या प्रकृतीला मानवणारे नव्हते. आई-वडिलांनी हे वेळीच ओळखले. त्यांनी त्याला शाळेत घातले नाही. आईने, वडिलांनी आणि थोरला भाऊ झाक याने त्याला घरीच शिकवले. तो वडिलांबरोबर पॅरिसभोवतालच्या रानांतून हिंडे आणि झाडे व प्राणी न्याहाळी. चौदाव्या वर्षी त्याला बझील नावाचे एक उत्तम गणितशिक्षक लाभले आणि तेथे या संथ मुलाची बुद्धी एकाएकी मोकळी झाली. अवकाशाची भूमिती त्याला जणू डोळ्यांनी दिसत असे. सोळाव्या वर्षी तो विद्यापीठप्रवेशाची परीक्षा उत्तीर्ण झाला आणि अठराव्या वर्षी भौतिकशास्त्राचा पदवीधर. पुढेही प्येअर स्वतःला मंदबुद्धीच समजत राहिले. ज्या घरात मुलाच्या संथपणाला दोष न मानता स्वभाव मानले गेले, त्या घराचे श्रेय या चरित्रात मोठे आहे. मात्र असे घर मिळणे ही भाग्याची गोष्ट. त्यावरून शाळांची गरजच नाही असा निष्कर्ष कोणी काढू नये, एवढे एका माजी विद्यार्थ्याला बोलू द्यावे.

१८७८ मध्ये ते सोर्बोनमध्ये प्रयोगशाळा-साहाय्यक झाले. झाक तेथेच खनिजशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करीत होते. दोघा भावांचा जिव्हाळा विलक्षण होता आणि आता दोघांचा विषयही एक झाला : स्फटिक.

त्यांच्यासमोर एक जुने कोडे होते. अठराव्या शतकाच्या आरंभी डच व्यापाऱ्यांनी सिंहलद्वीपातून टूर्मलीन नावाचे खडे युरोपात आणले होते. हे खडे निखाऱ्यांत तापवले, की राख आपल्याकडे ओढून घेत. तापवल्याने स्फटिकाच्या टोकांवर विद्युत्‌भार येतो, हे पुढे सिद्ध झाले. पण का येतो, हे कोणी नीट सांगू शकत नव्हते. क्यूरी बंधूंनी तर्क केला तो असा. तापल्याने स्फटिक प्रसरण पावतो, म्हणजे त्यातले कण एकमेकांपासून सरकतात. मग तेच कण केवळ दाबून सरकवले, तर उष्णतेवाचूनही वीज यायला हवी. आणि ती कुठल्याही स्फटिकात येणार नाही. ज्याच्या रचनेला मध्यबिंदूभोवतीची सममिती नाही, त्यातच येईल.

हा दुसरा भाग महत्त्वाचा. त्यांच्या आधी काही जणांनी दगड दाबून वीज शोधण्याचा प्रयत्न केला होता. पण कोणता दगड घ्यावा आणि तो कोणत्या दिशेने कापावा, हे त्यांना ठाऊक नव्हते. क्यूरी बंधूंना ते ठाऊक होते, कारण प्येअर यांना भूमिती दिसत होती. साधने म्हणाल तर जवाहिऱ्याची बारीक करवत, कथिलाचा वर्ख, थोडा गोंद आणि तारा. क्वॉर्ट्झ म्हणजे आपली गारगोटीच, पण निर्दोष आणि स्वच्छ. तिची योग्य दिशेने कापलेली चकती दोन वर्खांमध्ये धरून त्यांनी दाबली. एका पृष्ठावर धन आणि दुसऱ्यावर ऋण भार आला. दाब काढताच भार उलटला. टूर्मलीन, पुष्कराज, झिंक ब्लेंड, इतकेच काय, उसाची खडीसाखर, यांनीही हीच साक्ष दिली. स्वयंपाकाच्या मिठाचा स्फटिक मात्र कितीही दाबला तरी असे करीत नाही, कारण त्याची रचना मध्यबिंदूभोवती सर्वस्वी सममित असते. १८८० च्या ऑगस्टमध्ये हा शोध फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे मांडला गेला. तेव्हा प्येअर एकवीस वर्षांचे होते. या घटनेला आपण आज दाबविद्युत म्हणतो.

पुढच्या वर्षी लिपमन या शास्त्रज्ञाने ऊष्मागतिकीच्या नियमांवरून दाखवून दिले, की याचे उलटही घडलेच पाहिजे : अशा स्फटिकाला वीज दिली तर तो किंचित आकुंचन वा प्रसरण पावेल. हा बदल इतका सूक्ष्म, की तो मोजणे म्हणजे कसोटीच. तीही दोघा भावांनी वर्षअखेरीपर्यंत पार पाडली.

या शोधाचा उपयोग काय, असे त्या वेळी कोणी विचारले असते तर त्यांना सांगता आले नसते. गारगोटीवर एक न्यूटन बल दिले, म्हणजे हातावर साधारण शंभर ग्रॅमचे वजन ठेवल्याएवढे, तर मिळणारा विद्युत्‌भार एका कुलोम्बच्या एक लाख कोटी भागांपैकी जेमतेम सव्वादोन भाग असतो. अशा विजेवर काय चालणार? पण प्येअर यांनी या अल्पपणाचाच उपयोग केला. क्वॉर्ट्झची लांब, पातळ पट्टी उभी टांगून तिच्या टोकाला पारड्यात ठराविक वजन ठेवले, की ठराविक, अतिसूक्ष्म आणि दर वेळी तंतोतंत तेवढाच विद्युत्‌भार मिळे. अत्यल्प वीज मोजण्याचे हे मापच झाले.

१८८३ मध्ये झाक माँपेलिए येथे अध्यापक होऊन गेले आणि ही जोडी फुटली. प्येअर पॅरिसच्या नव्या औद्योगिक भौतिकी व रसायन विद्यालयात प्रयोगशाळाप्रमुख झाले आणि बावीस वर्षे तेथे राहिले. वेतन कारखान्यातल्या कामगाराइतके. स्वतःची प्रयोगशाळा नाही. चुंबकत्वावरचे त्यांचे प्रसिद्ध संशोधन जिना आणि एका खोलीच्या मधल्या बोळात झाले. तापमान ठराविक मर्यादेपलीकडे गेले की लोखंडाचे चुंबकत्व लोपते. त्या तापमानाला आजही क्यूरी तापमान म्हणतात. सममिती आणि भौतिक घटना यांचा संबंध उलगडणारा त्यांचा १८९४ चा लेख तर स्फटिकांच्या अभ्यासातून निघालेले तत्त्वज्ञानच आहे. सममिती जेथे भंगते तेथेच काही घडू शकते, हे त्याचे सार. ब्रिटनमधील लॉर्ड केल्व्हिन यांच्यासारखा थोर शास्त्रज्ञ त्यांच्याशी पत्रव्यवहार करी. फ्रान्समध्ये मात्र त्यांना फारसे कोणी ओळखत नव्हते. मानचिन्ह देऊ केले गेले तर ते नाकारीत. पदांसाठी अर्ज करणे आणि मते मागत दारोदार फिरणे त्यांच्या जिवावर येई. सोर्बोनमधली खनिजशास्त्राची जागा रिकामी झाली तेव्हा ती स्फटिकांच्या या जाणकाराला मिळाली नाही.

१८९४ च्या वसंतात त्यांची मारिया स्क्लोडोव्स्का या पोलिश विद्यार्थिनीशी ओळख झाली. पुढच्या वर्षी जुलैत विवाह झाला आणि दोघे नव्या सायकलींवरून फ्रान्सच्या खेड्यांतून फिरून आली. पुढची कथा सर्वांना ठाऊक असल्याने मी ती सविस्तर सांगत नाही. फक्त त्या कथेत सहसा न सांगितली जाणारी एक वस्तू दाखवतो.

युरेनियमच्या किरणांनी हवेत अगदी क्षीण विद्युत्‌प्रवाह वाहू लागतो. तो मोजता आला, तर कोणत्या खनिजात किती किरणोत्सर्ग आहे हे ठरवता येईल. मेरी क्यूरींनी १८९७ च्या अखेरीस हे काम हाती घेतले तेव्हा त्यांच्यासमोर मेजावर जे यंत्र होते, ते दोघा भावांच्या क्वॉर्ट्झ-पट्टीचेच. एकीकडे खनिजाचा प्रवाह भार साठवीत असे. दुसरीकडे त्या पारड्यातले वजन हळूहळू पट्टीवर सोडून तितकाच विरुद्ध भार देत. विद्युन्मापीवरील प्रकाशाचा ठिपका शून्यावर स्थिर ठेवीत घड्याळात सेकंद मोजायचे. एका हाताने वजन, दुसऱ्या हातात घड्याळ आणि डोळे ठिपक्यावर. या नाजूक कसरतीतून कळले, की पिचब्लेंड हे खनिज त्यातल्या युरेनियमच्या मानाने फाजील किरणोत्सर्गी आहे. काहीतरी नवे त्यात दडले असले पाहिजे. प्येअर यांनी आपले स्फटिकांचे काम बाजूला ठेवले आणि ते पत्नीच्या कामात उतरले. १८९८ च्या जुलैत पोलोनियम आणि डिसेंबरात रेडियम या मूलद्रव्यांची घोषणा झाली. पुढची चार वर्षे गळक्या छपराच्या शेडमध्ये टनावारी खनिज उकळण्यात गेली. हाती आले ते एक दशांश ग्रॅम रेडियम क्लोराइड. ही पद्धत त्यांनी सर्वांना खुली ठेवली, पेटंट घेतले नाही.

जून १८९३ नव्हे, १९०३. दहा वर्षे कशी सरकली ते त्यांनाही कळले नसावे. मेरी यांना डॉक्टरेट मिळाली त्या संध्याकाळी पोल लांझव्हँ यांच्या घरी भोजन होते. लांझव्हँ हे प्येअर यांचे विद्यालयातले विद्यार्थी. पाहुण्यांत रदरफर्ड होते. भोजनानंतर सारे बागेत आले आणि काळोखात प्येअर यांनी खिशातून एक काचनळी काढली. तिच्यात रेडियमचे द्रावण होते आणि काचेच्या काही भागाला झिंक सल्फाइडचा लेप. नळी तेजाने उजळली. न दिसणारे किरण लेपावर आदळून दिसणारा प्रकाश होत होते. त्या उजेडात रदरफर्ड यांना दुसरेही काही दिसले : नळी धरणारी बोटे लालबुंद, सुजलेली होती. रेडियमचा परिणाम पाहण्यासाठी प्येअर यांनी आधी आपल्याच दंडावर ते काही तास बांधून ठेवले होते. बावन्न दिवसांनीही ती जखम पुरती भरली नव्हती.

झिंक सल्फाइड म्हणजे झिंक ब्लेंड, तेवीस वर्षांपूर्वी दाबल्यावर वीज देणाऱ्या स्फटिकांच्या यादीतला एक. त्या रात्री प्येअर यांना हे आठवले की नाही, कोणास ठाऊक. मला मात्र हा प्रसंग वाचताना ते आठवल्याखेरीज राहत नाही.

त्याच वर्षी बेकरेल यांच्यासह दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. थकव्यामुळे ती दोघे डिसेंबरात स्टॉकहोमला जाऊ शकली नाहीत. १९०५ च्या जूनमध्ये गेली. सोर्बोनने १९०४ मध्ये प्राध्यापकपद दिले, अकादमीने एकदा नाकारून १९०५ मध्ये सदस्यत्व दिले. पाय दुखत, रात्री झोप लागत नसे. आयुष्यभर जी हवी होती ती नीटनेटकी प्रयोगशाळा त्यांना मिळाली नाही. १९ एप्रिल १९०६ रोजी दुपारी पाऊस पडत होता. प्येअर सीन नदीजवळच्या दोफीन रस्त्यावर वाट ओलांडताना घसरले आणि सैनिकी गणवेशांनी भरलेल्या घोड्यांच्या जड गाडीचे मागचे चाक त्यांच्या डोक्यावरून गेले. वय सेहेचाळीस. थोरली मुलगी इरेन आठ वर्षांची होती, धाकटी एव्ह सव्वा वर्षाची.

माणूस गेला, पण त्याची गारगोटी राहिली. पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या जहाजे बुडवू लागल्या, तेव्हा पाण्याखाली पाहण्याचा प्रश्न लांझव्हँ यांच्याकडे आला. पाण्यात प्रकाश फार दूर जात नाही, ध्वनी जातो. पण ध्वनीचा सरळ झोत हवा असेल तर त्याची कंपने फार द्रुत, कानाला न ऐकू येणारी हवीत. सेकंदाला वीस हजारांवरील अशा कंपनांना श्रवणातीत ध्वनी म्हणतात. ती निर्माण कशी करायची? लांझव्हँ यांना गुरूंचा स्फटिक आठवला. १९१७ मध्ये त्यांनी पोलादाच्या दोन तबकड्यांमध्ये क्वॉर्ट्झचे तुकडे बसवले. विजेने स्फटिक कंप पावला आणि पाण्यात ध्वनी गेला. परतलेल्या प्रतिध्वनीने तोच स्फटिक दाबला गेला आणि वीज आली. १८८० आणि १८८१ चे दोन्ही शोध एकाच यंत्रात कामाला लागले. झोतात सापडलेले मासे मरत आणि पाण्यात हात घातला तर वेदना होत, याचीही त्यांनी नोंद केली. वैद्यकातली सोनोग्राफी याच वंशातली आहे. आपल्या बाळाचे पहिले दर्शन ज्या पालकांनी दवाखान्यातल्या पडद्यावर घेतले, त्यांनी ते दाबविद्युतेमार्फतच घेतले.

त्या पडद्यावरचे चित्र मात्र थेट उमटत नाही. स्फटिकाची वीज, तारा, संगणकाची गणिते आणि मग चित्र, असा लांबचा प्रवास असतो. अलीकडे काही प्रयोगशाळांत हा प्रवासच आखूड करण्याचा प्रयत्न चालला आहे : श्रवणातीत ध्वनी एका पातळ पटलावर पडावा आणि पटलानेच उजळावे. त्यासाठी दोन गोष्टी एकत्र आणल्या जातात. पहिली दाबविद्युत पदार्थाची. येथे क्वॉर्ट्झ फार कंजूष ठरतो, म्हणून सिरॅमिक किंवा १९६९ मध्ये जपानी शास्त्रज्ञ कावाई यांनी दाखवून दिलेला प्लास्टिकसारखा बहुवारिक वापरतात. सिरॅमिक जोमदार, पण पाण्यातून किंवा शरीरातून आलेला बराचसा ध्वनी त्याच्या कठीण पृष्ठावरून माघारी जातो. बहुवारिक मऊ असल्याने त्याला अधिक सहज आत घेतो. दुसरी गोष्ट सेंद्रिय प्रकाशदायी थराची, जी आज अनेकांच्या मोबाइलच्या पडद्यात असते आणि जिचे आधुनिक रूप १९८७ मध्ये कोडॅक कंपनीतील टँग आणि व्हॅन स्लाइक यांनी सिद्ध केले. कार्बनी संयुगांचे हे थर केसाच्या जाडीच्या जवळपास हजाराव्या भागाइतके पातळ असतात. एका बाजूने इलेक्ट्रॉन आणि दुसऱ्या बाजूने इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागा आत येतात, मध्ये भेटतात आणि त्या भेटीत मोकळी झालेली ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडते.

आता ध्वनी आला, की दाबविद्युत पटल सेकंदाला लाखो वेळा दाबले आणि सैल होते आणि त्याच्या दोन पृष्ठांमधला विद्युत्‌दाब तितक्याच वेळा दिशा बदलतो. प्रकाशदायी थर वीज एकाच दिशेने घेतो. त्यामुळे प्रत्येक कंपनाच्या एका अर्ध्यात तो उजळतो, दुसऱ्या अर्ध्यात अंधारतो. ही उघडझाप इतकी जलद, की डोळ्याला सलग उजेडच दिसतो. अडचण विद्युत्‌दाबाची आहे. दृश्य प्रकाशासाठी निदान दोन-तीन व्होल्ट हवेत, आणि क्षीण ध्वनी तेवढा दाब सहज देत नाही. म्हणून पटलाची जाडी अशी राखतात, की आलेल्या ध्वनीशी त्याचे अनुनाद व्हावे. झोपाळ्याला वेळेवर दिलेल्या छोट्या धक्क्यांसारखे. जेथे ध्वनी तीव्र तेथे उजेड अधिक, जेथे मंद तेथे कमी; म्हणजे न ऐकू येणाऱ्या ध्वनीची आकृती डोळ्यांना दिसू लागते. संशोधकांची दुसरी आशा शरीराच्या आतली आहे. बाहेरून टाकलेला प्रकाश मांसात थोडे अंतर जाऊन विखुरतो, ध्वनी खोलवर पोहोचतो. तेव्हा आत बसवलेल्या इवल्या पटलाला ध्वनी पाठवून प्रकाश तेथेच निर्माण करता आला, तर प्रकाशाने होणारे उपचार वीजघटाशिवाय आणि तारांशिवाय खोल अवयवांपर्यंत नेता येतील. हे अजून प्रयोगशाळेतले काम आहे. दवाखान्यात यायला त्याला अवकाश आहे.

१९९५ च्या एप्रिलमध्ये प्येअर आणि मेरी यांचे अवशेष पॅरिसच्या पँथियॉनमध्ये सन्मानाने नेण्यात आले. मानचिन्हे नाकारणाऱ्या माणसाला हे कितपत रुचले असते, ते सांगता येत नाही. आमच्या स्वयंपाकघरातला गॅसचा लायटर मात्र रोज सकाळी टक्क करतो. त्याच्या पोटातला स्फटिक दाबला जातो, ठिणगी पडते आणि चहाचे आधण चढते.